चॅनेल बोर्डाचं, रँक स्टिकची

‘ड्युअल रँकची १६ जीबीची एक स्टिक टाकली की ड्युअल चॅनेल सुरू होतं.’ घरच्या डेस्कटॉपची रॅम वाढवताना हे वाक्य हमखास कानावर पडतं, आणि ते साफ चूक आहे. दोन्ही नावांत ‘ड्युअल’ आहे, साम्य तिथंच संपतं. तरीही दुकानाच्या काउंटरवर आणि विक्रीच्या पानांवर हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यापायी लोक एका स्टिकवर पैसे घालतात आणि अर्धा वेग घेऊन घरी येतात.

चॅनेल बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरपासून स्लॉटपर्यंत येणारी ६४ बिटांची वाट म्हणजे एक चॅनेल. डीडीआर४-३२०० (डीडीआर४ ही रॅमची पिढी, ३२०० हा तिचा वेग) एका चॅनेलवर सेकंदाला २५.६ जीबी वाहते, दोन चॅनेलवर ५१.२ जीबी. घरच्या डेस्कटॉपला चॅनेल दोनच असतात. स्लॉट चार असले तरी दोनच. चार स्टिक लावल्या की ‘क्वाड चॅनेल’ झालं असं मानणं बंद व्हायला हवं. चार चॅनेल थ्रेडरिपरसारख्या मोठ्या प्रोसेसरना असतात. स्टिक दोन असतील तर त्या ए२ आणि बी२ मध्ये (अक्षर चॅनेलचं, आकडा स्लॉटचा), म्हणजे प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. शेजारीशेजारी पहिल्या दोन स्लॉटमध्ये खोचल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर येतात आणि दुसरं रिकामं राहतं. पहिला-तिसरा का नको? बहुतेक बोर्डांवर तारा पहिल्या स्लॉटवरून पुढे दुसऱ्याकडे जातात. टोकाचा स्लॉट रिकामा राहिला की उरलेल्या उघड्या तारेवरून सिग्नल परत उसळतो आणि वेग टिकत नाही.

आता रँक. सगळा घोळ इथं आहे.

चॅनेल ६४ बिटांचं, पण स्टिकवरची एक चिप एकटी ६४ बिट देऊ शकत नाही. ती एका वेळी ८ बिट देते, काही चिपा १६ देतात. म्हणून ८ बिटांच्या आठ चिपा एकत्र बांधून ६४ भरतात. या आठांना कंट्रोलर एकाच ‘चिप सिलेक्ट’ तारेनं हाक मारतो आणि आठही एकदम ओ देतात. अशा एका जथ्याला रँक म्हणतात. स्टिकवर सोळा चिपा असतील तर आठ-आठांचे दोन जथे होतात, म्हणजे ड्युअल रँक. पण दोन्ही जथे त्याच ६४ तारांवर बोलतात आणि एका वेळी एकच बोलतो. वाट रुंद होत नाही.

मग दुसऱ्या रँकचा उपयोग काय? पंगतीतला वाढपी डोळ्यांसमोर आणा. दोन वाढपी म्हणजे दोन चॅनेल, दोन रांगा एकाच वेळी वाढल्या जातात. वाढपी एकच, पण त्याच्यासाठी आमटीच्या दोन बादल्या ठेवल्या तर? एक मुदपाकखान्यात भरायला गेली असताना तो दुसरीतून वाढत राहतो. त्याची खोटी वाचते, पण त्याचे दोन वाढपी होत नाहीत. रॅममध्ये ही खोटी सतत होते. डीडीआर४ च्या चिपा साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदांनी ताज्या कराव्या लागतात, नाहीतर त्यांतला विद्युतभार गळतो आणि डेटा पुसला जातो. ८ गिगाबिटच्या चिपेला त्यासाठी ३५० नॅनोसेकंद लागतात आणि तेवढा वेळ ती रँक कामाची नसते. दुसरी रँक असेल तर कंट्रोलर तिच्याकडे वळतो. चिपेतली डेटाची नवी ओळ उघडण्यातला वेळही असाच झाकला जातो. फायदा खरा आहे, पण तो काही टक्क्यांचा. दुसरं चॅनेल वाटच दुप्पट करतं. एएमडीच्या रायझन ५६००जी सारख्या, ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असलेल्या मशीनवर एका चॅनेलवरून दोनवर आलात तर खेळातला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. दोन रँकचा फरक मोजायलाच लागतो.

चार स्टिकवाले ‘माझं मशीन चारांवर जास्त पळतं’ म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात, कारण चुकीचं देतात. एकेरी रँकच्या चार स्टिक लावल्या की प्रत्येक चॅनेलवर दोन रँक होतात. फायदा त्याचा असतो, चॅनेल दोनच राहतात.

आणि बादल्या वाढल्या की वाढप्याची चालही मंदावते. प्रत्येक रँकचं ओझं तारांवर पडतं. पहिल्या पिढीच्या रायझन प्रोसेसरसाठी, २०१७ मध्ये, एएमडीनं दोन स्टिकचा अधिकृत वेग एकेरी रँकला २६६७ आणि दुहेरीला २४०० दिला होता. रायझन ५००० मध्ये दोन स्टिकना कुठल्याही रँकला ३२०० आहे, पण चार एकेरींना २९३३ आणि चार दुहेरींना २६६७. रायझन ७००० वर डीडीआर५ च्या दोन स्टिक ५२००, चार लावल्या की ३६००. यापेक्षा जास्त चाललं तर ते तुमच्या बोर्डाचं आणि प्रोसेसरचं नशीब, कंपनीची हमी नाही.

रँक ओळखायची कशी? दोन्ही बाजूंना चिपा म्हणजे ड्युअल रँक, ही समजूत बऱ्याचदा खरी ठरते म्हणूनच जास्त फसवी आहे. एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला चार अशा आठ चिपांची स्टिक दोन्ही बाजूंनी भरलेली दिसते, पण रँक एकच. बाजू मोजू नका, लेबल वाचा. ‘१आर×८’ म्हणजे एक रँक, ८ बिटांच्या चिपा. ‘२आर×८’ म्हणजे दोन रँक. ‘१आर×१६’ म्हणजे १६ बिटांच्या जेमतेम चार चिपा. स्टिकवर धातूचं कवच असेल तर हे बहुधा छापलेलं नसतं. तेव्हा निर्मात्याच्या डेटाशीटमध्ये पाहा. बसवलेल्या स्टिकसाठी सीपीयू-झेड या प्रोग्रॅमच्या एसपीडी टॅबमध्ये ‘रँक्स’ची ओळ आहे, लिनक्सवर डीएमआयडीकोड ही कमांड ते सांगते. विंडोजचा टास्क मॅनेजर स्लॉट आणि वेग दाखवतो, रँक नाही.

१आर×१६ टाळा, हे ठामपणे सांगतो. या चिपांत बँकांचे, म्हणजे चिपेतल्या कप्प्यांचे, गट निम्मे असतात (डीडीआर४ मध्ये चाराऐवजी दोन, डीडीआर५ मध्ये आठाऐवजी चार), त्यामुळे तोच वेग छापलेला असूनही ती मागे पडते. डीडीआर५ ची ८ जीबीची स्टिक साधारणपणे हीच असते. डीडीआर५ घेणार असाल तर १६ च्या दोन घ्या, ८ च्या दोन नकोत.

डीडीआर५ नं गोंधळात आणखी भर घातली आहे. तिच्या प्रत्येक स्टिकवर ३२ बिटांची दोन उपचॅनेल असतात, म्हणून सीपीयू-झेडची नवी आवृत्ती एकाच स्टिकला ‘२×३२ बिट’ दाखवते. तो ‘२’ पाहून ड्युअल चॅनेल मिळालं असं समजू नका. ३२ दुणे ६४, म्हणजे जुन्या हिशेबानं एकच चॅनेल. दोन स्टिक नीट बसल्या की तिथं ‘४×३२ बिट’ येतं. जुन्या पद्धतीचंच नाव हवं तर ते ड्युअल.

खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी दोन चॅनेल, मग पुरेशी क्षमता, मग वेग, आणि रँक सर्वांत शेवटी. नव्या मशीनला एकाच पाकिटातल्या दोन स्टिक. आधीची ८ जीबीची एक असेल आणि बोर्ड डीडीआर४ चा असेल तर तिच्या जोडीला ८ जीबीचीच दुसरी घ्या, जमल्यास त्याच रँकची. १६ जीबीची घातलीत तरी चालतं: पहिले १६ जीबी दोन चॅनेलवर, उरलेले ८ एकावर. जुनी जोडी आणि नवी जोडी मिळून चार होत असतील तर जुन्या दोन्ही ए१-बी१ मध्ये, नव्या दोन्ही ए२-बी२ मध्ये. एक जोडी एकाच चॅनेलवर कोंबू नका. आणि डीडीआर५ वर चार स्टिकचा नादच नको; ६४ जीबी हवेत तर जुन्या विकून ३२ च्या दोन घ्या. त्या तशाही बहुधा २आर×८ असतात, रँकचा फायदा वर मिळतो.

बसवताना वीजपुरवठ्याचं बटण बंद करून केबल काढा, पॉवरचं बटण दोनदा दाबून उरलेला भार जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, तिथं दुसरं टोक अर्धवट राहतं आणि स्क्रीन काळी येते. डीडीआर५ पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. कंट्रोलर तारांचा ताळमेळ बसवत असतो, त्यात बटण दाबू नका. मग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (स्टिकवर छापलेला वेग लावणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३६०० ची स्टिकसुद्धा मूळ कमी वेगावर चालेल. सीपीयू-झेड ३२०० च्या जागी १६०० दाखवतं ते बरोबर आहे, दोनानं गुणा.

शेवटी मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची निदान एक पूर्ण फेरी रात्रीत होऊ द्या. चार स्टिकवर एरर आल्या तर स्टिक परत करायला धावण्याआधी वेग एक पायरी उतरवून पुन्हा चालवा. रँक जास्त झाल्या की बहुतेकदा वेगच झेपत नसतो, चिपा धडधाकट असतात.