थर्मोस्टॅट वॉरंटीत आहे, मग पैसे कशाचे?

आमच्या गॅरेजच्या काउंटरवर हा प्रश्न इतक्यांदा येतो की शेवटी उत्तर छापून ठेवले. थोडक्यात सांगायचे तर वॉरंटी सुट्या भागाला असते, गाडीत ओतलेल्या बोअरच्या पाण्याला नसते. सविस्तर पुढे वाचा.

थर्मोस्टॅट हा मेणाच्या गोळीवर चालणारा छोटा वॉल्व्ह. इंजिन गार असताना तो बंद असतो. कूलंट, म्हणजे इंजिनातून फिरून त्याला गार ठेवणारे द्रव, ८२ किंवा ८८ अंशांवर पोचले की मेण वितळून फुगते आणि वॉल्व्ह उघडू लागतो. हा आकडा बहुधा वॉल्व्हवरच कोरलेला असतो. पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा अंश लागतात. तो बंद स्थितीत अडकला तर कसारा घाटात किंवा सप्तशृंगी गडाच्या चढावर तापमानाचा काटा वर जातो, इंजिन तापते आणि रेडिएटर मात्र गारच राहतो. उघडा अडकला तर नुकसान हळूहळू होते: मायलेज उतरते, थंडीत हीटरला ऊब येत नाही. ज्या गाड्यांना तापमानाचा काटाच नाही, त्यात निळा दिवा पाच-दहा किलोमीटर गेल्यावरही विझत नाही.

काटा वर गेला म्हणजे थर्मोस्टॅटच गेला, असे नाही. पंखा, वॉटर पंप, रेडिएटरचे झाकण, चोंदलेला रेडिएटर, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याखालचे सील), यांपैकी काहीही असू शकते. म्हणून आम्ही आधी तपासतो आणि तपासणीची मजुरी वेगळी लावतो. काहींना हे खटकते. पण न तपासता वॉल्व्ह बदलून गाडी आठवड्याने पुन्हा तापली, तर तो खर्च तुम्हालाच जास्त पडतो.

घरी तपासायचे असेल तर काढलेला वॉल्व्ह दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगा, तळाला टेकू देऊ नका, आणि थर्मामीटर लावून पाणी तापवा. एक लक्षात ठेवा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. ८८ चा वॉल्व्ह पातेल्यात पूर्ण उघडला नाही म्हणून तो खराब ठरत नाही. ८८ च्या आसपास हलायला लागला आणि पाणी निवल्यावर घट्ट मिटला, तर तो चांगला आहे.

‘वॉल काढूनच टाका, आपल्याकडे गरम हवामान’ हा सल्ला अजून दिला जातो. आम्ही ते काम करत नाही. वॉल्व्ह नसला की इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ घेते, कॉम्प्युटर त्याला गार समजून जास्त इंधन सोडत राहतो. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटरला वळसा घालणारी, वाट बंद करतो. तो काढला की बरेचसे कूलंट रेडिएटरला न जाता तिथल्या तिथे फिरते आणि घाटात गाडी उलट जास्त तापते.

खरी चूक: साधे पाणी

वॉरंटीत परत येणाऱ्या थर्मोस्टॅटमध्ये आम्हाला बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते: पांढरा थर आणि तांबूस गंज. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?’ असे म्हणून टाकी बोअरच्या किंवा नळाच्या पाण्याने भरलेली असते. कूलंट फक्त गोठण्यापासून वाचवत नाही. त्यातली रसायने ॲल्युमिनियमचे हेड, पंपाचा पंखा आणि वॉल्व्हची स्प्रिंग गंजू देत नाहीत, आणि ते पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळते. गंगापूर धरणाचे पाणी पिण्याला उत्तम, पण त्यातही क्षार असतातच. बोअरच्या पाण्यात बहुधा त्याहून जास्त. तापलेल्या धातूवर त्यांचा थर बसतो आणि वॉल्व्ह त्यात रुततो.

भाग बनवणारी कंपनी परत आलेला भाग तपासते. क्षार दिसले की दावा नामंजूर, आणि त्या निर्णयावर आमचे काही चालत नाही.

म्हणून कूलंट तयार मिश्रणाचेच घ्या. घट्ट (कॉन्सन्ट्रेट) कूलंट घेतले तर त्यात तितकेच डिस्टिल्ड वॉटर मिसळा. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण ४ ते ५ लिटर लागते. रंगावर जाऊ नका: हिरवे, लाल, निळे हा कंपनीचा रंग असतो, प्रकार नव्हे. वेगवेगळे प्रकार मिसळले तर गाळ धरू शकतो.

बसवताना

इंजिन पूर्ण गार हवे. गरम असताना झाकण उघडले तर दाबाखालचे कूलंट अंगावर उडते. जुने गॅस्केट खरवडून पृष्ठभाग साफ करायचा आणि नवी रबर रिंग घालायची. जुनी पुन्हा वापरली की गळती ठरलेली. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि हवा सोडायची बारीक पिन असेल तर ती वर. हाउसिंग (वॉल्व्हवरचे कव्हर) प्लॅस्टिकचे असेल तर बोल्ट हाताने बसवून मग टॉर्क पान्याने मोजून आवळायचे, कारण जोर जास्त झाला की तडा जातो. नंतर हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा दोनदा सुरू होईपर्यंत इंजिन चालवायचे, हवा निघू द्यायची, गार झाल्यावर टाकी मिन आणि मॅक्सच्या मध्ये भरायची. घाईत हवा आत राहिली तर नवा वॉल्व्हही खराब वाटतो. आमचा निम्मा वेळ इथेच जातो, त्यामुळे ‘अर्ध्या तासात होईल ना?’ याचे उत्तर नाही असेच आहे.

वॉरंटीचे कागद

मुदत महिने आणि किलोमीटर अशी दोन्हींत असते, जे आधी पूर्ण होईल ते. दाव्यासाठी जीएसटी बिल, त्यावर गाडीचा नंबर आणि बसवतानाचे किलोमीटर, शिवाय डबा लागतो. डबा फेकू नका, त्यावर बॅच नंबर असतो. मंजूर झाले तर बदली भाग मिळतो. मजुरी, टोइंग किंवा वाकलेल्या हेडचा खर्च कंपनीकडून साधारणपणे मिळत नाही. बदली भागाची मुदतही बहुधा पहिल्या तारखेपासूनच मोजतात. निकाल यायला दिवस लागतात आणि गाडी तोवर रॅम्पवर ठेवता येत नाही. म्हणून नवा भाग पैसे देऊन बसवून घ्या; दावा मंजूर झाला की रक्कम आम्ही परत करतो.

तुम्ही बाहेरून आणलेला भाग आम्ही बसवतो, पण त्याची वॉरंटी तुम्ही आणि दुकानदार पाहायची. आमच्याकडून घेतलेल्या भागाला आमची मजुरीही तीन महिने वॉरंटीत असते. गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर मात्र आधी त्यांच्या सर्व्हिस सेंटरलाच जा, आमच्याकडे उगाच पैसे घालवू नका.

आणि घाटात काटा चढलाच तर? एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, गाडी सुरक्षित बाजूला घेऊन इंजिन बंद. झाकणाला अर्धा तास तरी हात लावू नका. गार झाल्यावर जवळ फक्त पिण्याची बाटली असेल तर तेच पाणी घाला, इंजिन वाचवणे आधी. पण आठवडाभरात गाडी आणा आणि पाणी घातले होते हे सांगा. आम्ही सिस्टम फ्लश करून देतो; वॉल्व्ह आमच्याकडून बसवलेला असेल तर त्यासाठी फक्त कूलंटचे पैसे पडतील.