धम्मदान (सातारा-सांगली परिसर)

बौद्ध विद्या शिकणे-शिकवणे चालू राहावे म्हणून उपासक-उपासिका देतात ते दान. या शब्दाला दोन अर्थ आहेत. पालीत धम्मदान म्हणजे खुद्द धम्माचे दान, म्हणजे उपदेश, अध्यापन. ‘सब्बदानं धम्मदानं जिनाति’ या धम्मपदातील ३५४ व्या गाथेत तोच अर्थ आहे: सर्व दानांवर धम्माचे दान मात करते. आजच्या बोलीत मात्र विहाराच्या बांधकामाला, शिबिराला, मुलांच्या वह्या-पुस्तकांना दिलेली वर्गणीही धम्मदानच. हा अर्थाचा घोटाळा नव्हे. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात शिकवणे आणि त्यासाठी पैसा देणे ही दोन कामे फार पूर्वीपासून जोडीनेच चालत आली आहेत. प्रस्तुत नोंदीत जुना सातारा जिल्हा एकत्रच धरला आहे. सांगली १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि ‘सांगली’ हे नाव त्याला १९६० मध्ये मिळाले.

सर्वांत जुना पुरावा दगडात आहे. कराडजवळच्या आगाशिव डोंगरात आणि जखिणवाडीच्या बाजूला साठाच्या वर लेणी आहेत. वेरूळ-अजिंठा पाहून आलेल्याला ती साधी वाटतात. शिल्पे फारशी नाहीत. बहुतेक ठिकाणी लहान खोली आणि दगडी ओटा एवढेच. पण ही खोलीच येथे महत्त्वाची. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूने एका जागी राहावे, पाठांतर करावे, शिकवावे यासाठी ती कोरलेली आहे. येथील एका लेखात संघमित्र नावाच्या दात्याने लेणे दिल्याची नोंद असून दानासाठी ‘देयधम’ हा शब्द आहे. कराडचे लोक गावाबाहेरही देत होते. आजच्या मध्य प्रदेशातील भारहूतच्या स्तूपाला करहकट निगमाने, म्हणजे कराडच्या नगराने, दान दिल्याचा लेख आहे. कोकणातील कुडे लेण्यांत कराडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दिल्याची नोंद आहे. त्या काळी विद्येला पोसणारे केवळ राजे नव्हते. बाजारपेठेतील माणूसही होता. खंडाळा तालुक्यातील शिरवळची आणि वाईजवळच्या लोहारे गावची लेणीही याच परंपरेतील.

पुढे ही परंपरा खंडित झाली. लेण्यांना ‘पांडवांची’ म्हणण्याची रीत पडली आणि पाली भाषा महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीशी झाली. ती परत आणण्याचे मोठे श्रेय धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचे. कोलंबोतील विद्योदय परिवेणात (भिक्खूंच्या विद्यालयात) सुमंगल महास्थविरांकडे ते पाली शिकले. त्यानंतर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले; अट एवढीच की महाराष्ट्रातील एखाद्या शहरात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. इतक्या थोड्या पैशात इतके काम उभे राहिल्याचे दुसरे उदाहरण मराठी विद्येच्या इतिहासात सापडणे कठीण. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले.

साताऱ्याचा या कथेशी सर्वांत जवळचा संबंध एका शाळेमुळे येतो. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाल्यावर कुटुंबासह साताऱ्यात राहत होते. भीमाबाईंचे निधन येथेच १८९६ मध्ये झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातील सरकारी हायस्कुलात (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) भिवा रामजी आंबेडकर या नावाने विद्यार्थी दाखल झाला. रजिस्टरमधील क्रमांक १९१४. हा दिवस २०१७ पासून राज्यात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. दुसऱ्याच वर्षी, १९०१ मध्ये, वडिलांना भेटायला निघालेला भिवा आणि घरातली इतर मुले मसूर स्टेशनावर उतरली. महार आहेत हे कळल्यावर गाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. रात्रभराच्या प्रवासात त्यांना पिण्याचे पाणीही मिळाले नाही. वडील तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. शाळेत प्रवेश आणि वाटेत पाण्यासाठी नकार, दोन्ही याच जिल्ह्यातले. साताऱ्यातील धम्मकार्य समजून घेताना ही दोन्ही ठिकाणे एकत्र आठवावीत.

पुढे मुंबईत १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी या तरुणाला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. बडोद्याची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्तीही केळुसकरांच्याच खटपटीने मिळाली. एक पुस्तक आणि एक शिष्यवृत्ती: शब्दाच्या दोन्ही अर्थांनी हे धम्मदान ठरले, देणाऱ्यांनी त्याला ते नाव दिले नव्हते तरी.

जिल्ह्यातील हवाही अनुकूल होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. ते बौद्ध कार्य नव्हते. पण मुठीमुठीने धान्य गोळा करून परक्याच्या पोराला शिकवायचे असते, ही समज त्याने गावोगाव रुजवली.

बाबासाहेबांनी शिकवणे आणि देणे या दोन्ही धाग्यांना सिद्धान्ताचे रूप दिले. भिक्खू हा नुसता स्वतःची पूर्णता साधणारा पुरुष की समाजसेवक, असा प्रश्न त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारला. ख्रिस्ती धर्मप्रसारक शिक्षण आणि औषधोपचार देतात, मग भिक्खूंनी का देऊ नये, हे त्यांचे म्हणणे होते. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. मुंबईच्या महाविद्यालयाला सिद्धार्थ आणि औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद हा नागसेन या भिक्खूला न घाबरता प्रश्न विचारणारा राजा. महाविद्यालयाला गुरूचे नव्हे, तर प्रश्नकर्त्याचे नाव देणे ही गोष्ट मला त्यांच्या शैक्षणिक विचाराचे सार वाटते. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली.

दीक्षेनंतर सातारा-सांगलीच्या वाड्या-वस्त्यांत समाजमंदिरांच्या जागी बुद्धविहार उभे राहू लागले. त्यांचे वर्ष आषाढी पौर्णिमेपासून सुरू होते. आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात संध्याकाळी त्रिसरण-पंचशील घेऊन बाबासाहेबांच्या ग्रंथाचे क्रमाने वाचन होते. वाचणारी बहुधा कॉलेजातली मुलगी किंवा निवृत्त शिक्षक असतो आणि ऐकणाऱ्यांत ज्यांना स्वतः वाचता येत नाही अशा आयाबाया असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत बालसंस्कार आणि श्रामणेर (नवशिक्या भिक्खूंची) शिबिरे भरतात. बौद्धाचार्य प्रशिक्षण घेऊन गावातलाच माणूस मंगल परिणय (विवाह) आणि पुण्यानुमोदनाचे (मृत्यूनंतरचे) विधी करतो. १४ एप्रिल किंवा ६ डिसेंबरला हार-फुलांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणण्याचे आवाहन केले जाते. त्या वह्या शाळेत वाटल्या जातात. पुण्यानुमोदनात दिवंगताच्या नावाने विहाराला पुस्तके देण्याची प्रथाही आहे आणि विहाराची रिकामी खोली स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका होते.

एक उणीव येथे नोंदवली पाहिजे. वंदना आणि सूत्रे तोंडपाठ असणारे पुष्कळ आहेत, पण त्या पालीचा अर्थ शब्दाशब्दाने लावू शकणारे थोडे. विहाराच्या भिंतींना संगमरवर लावायला जितकी वर्गणी जमते, तितकी पाली शिकवणाऱ्याच्या मानधनाला जमत नाही. शाळा-महाविद्यालयांत पाली घेता येते, तरी तिच्याकडे ‘गुण मिळवून देणारा विषय’ म्हणून पाहिले जाते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबरच पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. आगाशिवच्या लेण्यातला ‘देयधम’ मराठी माणसाला थोड्या प्रयत्नाने वाचता येतो. लिपी शिकायला काही आठवडे लागतात, शब्द तर अर्धा ओळखीचाच आहे.