यंत्रातली मींड

पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, घेता येत नाही. प्रत्येक पट्टीखालचा पितळी सूर एकाच ठरलेल्या वारंवारितेला कंप पावतो, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत काहीच नसतं. इलेक्ट्रॉनिक वाद्यांची सुरुवात मात्र नेमकी त्या मधल्या जागेतूनच झाली.

1920च्या सुमारास रशियात लेव्ह तेरमेनने बनवलेल्या थेरेमिनला पट्ट्याही नव्हत्या आणि ताराही. आत दोन ऑसिलेटर, म्हणजे विजेची कंपनं निर्माण करणारी मंडलं, दोन्हींची कंपनं सेकंदाला लाखाच्या घरातली, कानाला न ऐकू येणारी. अँटेनाजवळ हात नेला की एकाची वारंवारिता किंचित बदलते आणि दोघांतला फरक, समजा 440 हर्ट्झ, स्वर म्हणून ऐकू येतो. सगळी मींडच! अडचण होती ती स्वरावर नेमकं थांबण्याची.

1964मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी आपल्या सिंथेसायझरमध्ये, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्यात, स्वराची उंची व्होल्टेजच्या हाती दिली. एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर, म्हणजे एका पट्टीला व्होल्टचा बारावा भाग. आता पट्ट्या आल्या, पण मींड गेली नाही. पट्टी आणि ऑसिलेटर यांच्यामध्ये एक रोधक (विजेला अडवणारा) आणि एक कपॅसिटर (वीज साठवणारा) बसवला की व्होल्टेज उडी मारत नाही. कपॅसिटर भरत जाईल तसं आधी झपाट्याने आणि शेवटी हळूहळू चढतं. स्वर धावत निघतो आणि मुक्कामाच्या स्वरावर अलगद टेकतो.

रोलँडच्या टीबी-303 या छोट्या जपानी यंत्रात हीच सोय होती. गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून ते बनवलेलं. आधी स्वर भरायचे, मग लय, आणि हव्या त्या स्वरांवर ‘स्लाइड’ची खूण करायची. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी 303ला टीआर-808 या तालयंत्राची जोड दिली आणि वरून ज्युपिटर-8 या सिंथेसायझरवर स्वतः भैरव, ललत, मालकंस असे दहा राग वाजवले. ती तबकडी 1982ची. 303च्या त्याच घसरत्या आवाजावर शिकागोमध्ये ‘अ‍ॅसिड हाउस’ हे नृत्यसंगीत उभं राहिलं ते त्यानंतर काही वर्षांनी. चरणजित सिंग यांचं नाव आपल्याकडे अजूनही फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरी 303ची स्लाइड म्हणजे आपली मींड नव्हे. तिचा वेळ यंत्रातच ठरलेला. गवई वाटेत रेंगाळतो, एखाद्या श्रुतीला, म्हणजे दोन स्वरांमधल्या सूक्ष्म जागेला, स्पर्श करून पुढे जातो.

1983मध्ये मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी बोलायची सामाईक भाषा, आलं आणि स्वरांना 0 ते 127 असे क्रमांक मिळाले, जवळजवळ पेटीसारखेच. मधल्या जागेसाठी ‘पिच बेंड’, म्हणजे स्वर वरखाली वाकवण्याची सोय, होतं, पण एका चॅनेलवरचे (संदेशांच्या एका वाटेवरचे) सगळे स्वर एकदमच वाकायचे. 2018मध्ये मान्य झालेल्या एमपीई (मिडी पॉलिफोनिक एक्स्प्रेशन) या मिडीच्याच पद्धतीत प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनेल मिळतं. षड्ज स्थिर धरून दुसऱ्या बोटाने गंधारावरून मध्यमाकडे, हवं तितकं रेंगाळत, आता कॉम्प्युटरवरही जाता येतं.