जावातला जुना डेट आणि नवा लोकलडेट: जन्मतारीख एक दिवस मागे का जाते

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका पतसंस्थेचं जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतलं जुनं सॉफ्टवेअर आम्ही सध्या नव्या आवृत्तीवर नेतोय. टीममधल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: तारीख ठेवायचा जुना प्रकार ‘डेट’ दिसेल तिथे नवा ‘लोकलडेट’ करून टाकायचं ना?

तसं नाही चालत. जुना डेट नावालाच तारीख. आत असतो एक क्षण, १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जगाची प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) मध्यरात्रीपासून मोजलेले मिलिसेकंद. २०१४ साली जावा ८ बरोबर आलेला लोकलडेट म्हणजे दिनदर्शिकेतला चौकोन. वर्ष, महिना, दिवस, बस. घड्याळ नाही, टाइमझोन नाही.

आता १५ ऑगस्ट १९६२ ही जन्मतारीख घ्या. इथल्या मशीनवर डेटमध्ये भरली की ती होते त्या दिवशीचे रात्रीचे बारा. यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरला तोच क्षण १४ ऑगस्टच्या संध्याकाळी साडेसहाचा दिसतो. तिथेच लोकलडेट काढलात तर सभासद एका दिवसाने मोठा!

मग कुणीतरी सुचवतंच, ‘साडेपाच तास मिळवा की.’ पण सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात भारताचं घड्याळ तासभर पुढे, म्हणजे यूटीसीपेक्षा साडेसहा तास पुढे होतं, आणि जावाला ते ठाऊक आहे. १० जून १९४४ ची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत ९ जूनचे संध्याकाळचे साडेपाच. त्यात साडेपाच तास मिळवून रात्रीचे अकराच वाजतात, तारीख ९ च राहते. टेस्ट डेटात १९४४ चा जन्म कोण घालतो? म्हणून तास मिळवू नका, ‘एशिया/कोलकाता’ हा झोन नावानिशी द्या.

महिन्यांचं सोपं आहे. जुन्यात ते शून्यापासून मोजतात, नव्यात एकापासून. त्यासाठी जुन्या कोडमध्ये घातलेले ‘अधिक एक’ शोधून काढून टाका, नाहीतर डिसेंबरचा तेरावा महिना होतो.

फॉरमॅटिंग, म्हणजे मजकुरातली तारीख वाचणं-लिहिणं, मात्र जास्त लबाड. ३१/०२/२०२३ दिलं तर जुना सिंपलडेटफॉरमॅट मुकाट ३ मार्च करतो, नवा डेटटाइमफॉरमॅटर तितक्याच मुकाट २८ फेब्रुवारी. मला तर दोन्ही नकोत. नव्याला चुकीची तारीख सरळ नाकारणारा ‘स्ट्रिक्ट’ मोड लावा, आणि पॅटर्नमध्ये (तारखेच्या साच्यात) वर्षासाठी वायऐवजी यू अक्षर घाला, नाहीतर बरोबर तारखाही नाकारल्या जातात.

आणि सगळंच लोकलडेट करायचं नाही. मुदत ठेवीची तारीख लोकलडेट, पण काउंटरवर पैसे भरल्याची वेळ हा खराखुरा क्षण आहे, तो क्षण साठवणाऱ्या नव्या ‘इन्स्टंट’ प्रकारातच ठेवा.