काड्या फुल्ल म्हणजे कंपनी भारी? नाही भाऊ

आपल्याकडे वर्षानुवर्षं एकच सल्ला चालतो, ज्या सिमच्या काड्या फुल्ल दिसतात ते घ्या. जळगावात दुकानात उभं राहून काड्या बघायच्या आणि तेच सिम घेऊन सातपुड्यातल्या धडगाव नाहीतर तोरणमाळला जायचं, मग म्हणायचं फोनच खराब निघाला.

मुळात किती सिग्नलला किती काड्या हे प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते, त्यामुळे दोन वेगळ्या फोनच्या काड्यांची तुलनाच होत नाही. खरा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) असतो, बऱ्याच अँड्रॉइडमध्ये अबाउट फोन, मग सिम स्टेटसमध्ये सापडतो. 4जी ला उणे 85 मस्त, उणे 115 म्हणजे रडकथा. आणि काड्या फुल्ल असूनही टॉवरवर गर्दी झाली की नेट रांगतंच, बाजाराच्या दिवशी बघा ना, पेमेंटचं चक्र फिरत राहतं आणि भाजीवाली आपल्याकडे बघत बसते.

5जी फोन घेतला की गावात रेंज येईल हे तर अजूनच खोटं. 5जीचा 3500 मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीचा सिग्नल नेट जोरात पळवतो पण लांब जात नाही, 700 वाला लांब जातो, भिंतीतून पण बरा घुसतो. सातपुड्याचा डोंगर मधे आला की दोघांचीही पंचाईत.

म्हणून दुकानात नाही, घराच्या ओट्यावर, खळ्यात, केळीच्या बागेत शेजाऱ्याचं सिम आपल्याच फोनमध्ये टाकून बघा. नंबर जायची भीती नको, 2011 पासून देशभर नंबर पोर्ट होतो, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलता येते, फक्त कनेक्शनला 90 दिवस झालेले पाहिजेत.