नात्तो ओट्यावर ठेवू नका, आणि खायचा कसा तेही वाचा

आमच्याकडून नात्तो, म्हणजे जपानी पद्धतीने आंबवलेलं सोयाबीन, नेणाऱ्यांचे दोन प्रकारचे फोन येतात. पहिला : "तार सुटलीय हो, खराब झालाय का?" दुसरा : "अमोनियाचा वास मारतोय, बदलून द्या." पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नात्तोला तार सुटायलाच हवी. सुटली नाही तर जरूर फोन करा, डबा आम्ही बदलून देऊ. दुसऱ्या फोनात मात्र आमची सकाळ जाते, म्हणून हा कागद आता प्रत्येक पिशवीत टाकतो आहोत.

वासाचा फोन आला की आम्ही एवढंच विचारतो, फ्रीझरमधून काढल्यावर डबा कुठे ठेवला होता? बहुतेक वेळा उत्तर येतं, ओट्यावर. सकाळी हवा होता म्हणून रात्री भांडी आवरताना काढून ठेवला. मटकी भिजत घालून ओट्यावर ठेवायची सवय असते, त्याच हाताने हेही होतं. पण मटकीला मोड यायला हवे असतात. नात्तोचं जे व्हायचं ते आमच्याकडे होऊन गेलेलं असतं.

नात्तो म्हणजे वाफवलेल्या सोयाबीनवर बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू वाढवून केलेला पदार्थ. आम्ही तो साधारण ४० अंशाला वीसेक तास ठेवतो, मग थंडीत टाकतो. थंडीत जिवाणू सुस्तावतो, मरत नाही. फ्रीझरमध्येही मरत नाही. पुण्यातली मे महिन्यातली रात्र आणि बंद स्वयंपाकघर मिळालं की तो पुन्हा कामाला लागतो, दाण्यातली प्रथिनं फोडत राहतो आणि त्यातून अमोनिया सुटतो. ताज्या नात्तोलाही त्याची जराशी झाक असते, पण डबा उघडताच नाकात झिणझिणी येत नाही.

तेव्हा फ्रीझरमधून काढलेला डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ४५ ग्रॅमचा डबा असतो, रात्रभरात सुटतो. सुटल्यावर आठवड्याच्या आत संपवा, परत फ्रीझरमध्ये ढकलू नका. घाई आहे म्हणून मायक्रोवेव्हमध्येही घालू नका. कडेचे दाणे वाळतात आणि मधला गोळा गारच राहतो. ऑफिसला न्यायचा असेल तर बर्फाच्या पिशवीबरोबर न्या, आणि ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवण्याआधी शेजाऱ्यांना सांगा. रात्रभर ओट्यावर राहिलेला डबा टाकून द्या, त्याचे पैसे आम्ही परत देत नाही. काहींना हे कडक वाटतं. पण आमच्या हातून डबा दगडासारखा गोठून जातो, पुढे तो कुठे बसला ते आम्हाला दिसत नाही.

झाकणाला बारीक भोकं असतात, ती चिकटपट्टीने बुजवू नका. नात्तोला हवा लागते. फ्रिजला वास लागेल अशी धास्ती असेल तर अख्खा डबा एका मोठ्या डब्यात ठेवा. दाण्यांवरचा पांढुरका साय धरल्यासारखा थर जिवाणूचाच असतो, तो हवाच. जुन्या डब्यात दाताखाली वाळूसारखी कचकच लागली तर ते टायरोसिन या अमिनो आम्लाचे खडे असतात. अपाय नाही, पण मजा गेलेली असते. हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर मात्र विचारत बसू नका, फेकून द्या.

एक गोष्ट गंभीरपणे. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर नात्तो खाऊ नका. त्यात के२ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते या गोळ्यांच्या कामाच्या आड येतं. तुम्ही गोळीचं सांगितलंत तर आम्ही नात्तो विकत नाही, राग मानू नका. बाकी नात्तो कशाकशावर औषध आहे हे आम्हाला विचारू नका. आम्ही खाण्याचा पदार्थ विकतो.

किमतीबद्दलही विचारणा होते : सोयाबीन मातीमोल, मग हा एवढासा डबा इतक्याचा कसा? लातूर-विदर्भातलं सोयाबीन पिकतं ते तेलाच्या गिरणीसाठी. जपानात नात्तोला बारीक दाणा पसंत करतात; साडेपाच मिलिमीटरच्या आतला दाणा अतिबारीक म्हणून वेगळाच काढतात. इबाराकी प्रांतातल्या मितो शहराचं नाव झालं ते अशा बारीक दाण्याच्या नात्तोमुळे. बारीक दाण्यावर जिवाणू नीट पसरतो आणि भाताच्या शितांत दाणा बरोबर बसतो. आम्ही पोत्यातून आलेलं सोयाबीन चाळून बारीक दाणा निवडतो, उरलेलं पिठाला देतो. हाताचं काम आहे, वेळ लागतो.

"आमच्या मावळातल्या भाताच्या पेंढ्यात घरी करून बघू का?" हेही अधूनमधून विचारतात. पूर्वी जपानात नात्तो पेंढ्याच्या पुडीतच व्हायचा, कारण हा जिवाणू पेंढ्यावर राहतो आणि पेंढा उकळला तरी त्याचे बीजाणू तग धरतात. १९०५ साली सावामुरा या जपानी संशोधकाने तो वेगळा काढला, पुढे शुद्ध विरजणावर नात्तो होऊ लागला आणि पेंढा बाजूला पडला. शेतातल्या पेंढ्यावर हा एकटाच राहत नाही, शिवाय फवारणीचंही बघायला हवं. नका करू.

आता खाण्याचं. पहिल्यांदा खाताय तर तसाच खा. डबा थेट फ्रिजमधून काढा, नात्तो वाटीत घ्या आणि सॉस घालण्याआधी काट्याने किंवा चॉपस्टिकने ढवळा. किती वेळा ढवळायचं यावर जपानात वाद आहेत. आमच्या मते तारा पांढऱ्या होऊन फेस दिसला की पुरे. सॉस आधी ओतला तर तारा पातळ होतात आणि फेस धरत नाही. मग सॉस, बारीक चिरलेली कांद्याची पात आणि मोहरी. जपानी पाकिटात तिखट मोहरीची पेस्ट असते. आपल्याकडे लोणच्यासाठी मोहरी फेसतो तशी पाव चमचा ताजी फेसून घाला, कोणत्याही ट्यूबपेक्षा सरस लागते. आमचा सॉस कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके (जपानी मशरूम) घालून केलेला, पूर्ण शाकाहारी आहे. जपानहून कुणी पाकिटं आणली असतील तर शाकाहारी मंडळींनी बघून घ्या, त्यातल्या सॉसमध्ये बहुधा बोनिटो माशाचा अर्क असतो.

भात वाफाळता, नात्तो गार. निम्मी गोडी या तफावतीत आहे. तांदूळ इंद्रायणी घ्या, जरा मऊसर शिजवा. बासमतीवर नात्तो घालणं म्हणजे दोघांनाही वाया घालवणं. जपानात वर कच्चं अंडं घालतात, पण तिथली अंडी कच्ची खायच्या हिशेबाने तपासून विकली जातात. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातलं अंडं नीट शिजवूनच घ्या.

तारांनी अंगावर काटा येत असेल तर हिकीवारी घ्या, म्हणजे फोडलेल्या दाण्याचा नात्तो. साधा डबा घरीच चिरायचा झाल्यास सुरी ओली करून घ्या. हा नोरीत (समुद्री शेवाळाच्या पातळ पापुद्र्यात) गुंडाळून भाताच्या बारीक गुंडाळ्या होतात, आणि मुलं याच रूपात तो आधी खातात असं आम्हाला दिसतं. तरीही नाही आवडला तर वाईट वाटून घेऊ नका. ओसाकाच्या बाजूला नात्तोकडे पाठ फिरवणारे जपानी लोकही भरपूर आहेत.

जपानात त्याला भेंडीची जोडही देतात. भेंडी मिनिटभर उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात, मग गोल चकत्या करून नात्तोत. आपण भेंडीचा बुळबुळीतपणा जाळायला धडपडतो आणि ते लोक बुळबुळीत दोन गोष्टी मुद्दाम एकत्र करतात. पण उन्हाळ्यात गार सोबा नूडल्सवर हे मिश्रण खाऊन बघा.

गरम पदार्थात घालायचा असेल तर नियम एवढाच की शेवटी घाला. जपानच्या यामागाता प्रांतात हिवाळ्यात नात्तोचं सूप करतात, नात्तो-जिरू. नात्तो रेघांच्या खलात वाटायचा; सूपमध्ये भाज्या, तोफू आणि अळूचे वाळवलेले देठ शिजवायचे, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) विरघळवायचा, गॅस बंद करायचा आणि मग वाटलेला नात्तो. उकळत ठेवला तर वास सोसायटीभर जातो. मग लोक आम्हाला सांगतात की तुमचा माल उग्र आहे.

चीज-टोस्ट सर्वांत सोपा : ब्रेडवर सॉस घातलेला नात्तो, वर चीज, चीज वितळेपर्यंत भाजा. कोको इचिबान्या ही जपानी करीवाली साखळी करी-राईसवर नात्तो घालून देते, आणि तो खरोखर छान लागतो. आपल्या आमटीवर मात्र आम्हाला नाही आवडला, चिंच-गुळाशी भांडतो. ज्वारीच्या भाकरीवर कच्चा कांदा, शेंगदाण्याची चटणी आणि नात्तो हे मात्र जमतं. आंब्याच्या लोणच्याबरोबर नको, लोणच्याचं तेल सगळं झाकून टाकतं.

फोडणीला घालायचाच हट्ट असेल तर अर्धवट कोमट करू नका. फ्राइड राईससारखा मोठ्या आचेवर, शेवटच्या दोन मिनिटांत परता. तारा तुटतात, दाणा सुटा होतो. खिडकी उघडी ठेवा. रस्साच हवा असेल तर सिक्कीम-दार्जिलिंगकडे बघा. तिथला किनेमा हा सोयाबीनचा पदार्थ याच जिवाणूवर होतो, आणि ते लोक तो कांदा-टोमॅटो-हळदीत तळून भाताबरोबर खातात. नागालँडचा आखुनीही याच कुळातला. रश्श्यासाठी आमचा महागडा बारीक दाणा खर्ची घालू नका, फ्रिजमध्ये आठवडा भरत आलेला, वास चढलेला डबा त्यासाठी वापरा.

डब्याला किंवा सहलीला टिकाऊ काही हवं असेल तर इबाराकीचा सोबोरो नात्तो : वाळवलेल्या मुळ्याचे काप भिजवून, पिळून, सोया सॉसमध्ये मुरवून नात्तोत मिसळायचे. मुळा कचकचीत राहतो. हा आम्ही दिवाळीनंतर, चांगला मुळा आला की करतो. आधी सांगितलंत तर तुमच्यासाठी ठेवू.

घरी कोजी (मिसोसाठी लागणारं, बुरशी वाढवलेलं धान्य) किंवा मिसो करत असाल तर त्या दिवशी नात्तोचा डबा उघडू नका. साके ही तांदळाची दारू करणारे जपानी कारागीर हंगामात नात्तोला शिवत नाहीत, कारण हा जिवाणू कोजीत शिरला की कोजी गेली.

भांडी घासताना वाटी आधी दहा मिनिटं पाण्यात ठेवा, तारा आपोआप सुटतात. थेट घासणी लावली की तीच घासणी पुढच्या भांड्याला चिकट करते.

घाणा मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. मागणी आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा. पहिल्यांदा घेत असाल तर सहाचा संच नका घेऊ, एक साधा आणि एक हिकीवारी न्या. आणि येताना बर्फाची पिशवी आणा. आमच्याकडची वीस रुपयांना मिळते, परत आणलीत की पैसे परत.