डोकं सोडा, पंखाचं टोक बघा

काळ्या डोक्याचा कुरव (किनाऱ्यावरचा ‘गल’ पक्षी) बहुतेकांच्या ओळखीचा असतो. राखाडी पाठ, लाल चोच, लाल पाय. त्यावर शब्द खर्च करत नाही. (दिसेल त्याला ‘सीगल’ म्हणून मोकळं होणाऱ्यांवर तर नाहीच.) घोळ होतो तो तपकिरी डोक्याच्या कुरवाशी, आणि तो घातलाय नावांनी.

‘काळ्या’ डोक्याच्या कुरवाचं डोकं काळं नसतंच. विणीच्या दिवसांत ते गडद चॉकलेटी होतं. दुसऱ्याचं जरा फिकट, कडेला काळसर किनार. म्हणजे दोघंही तपकिरीच! हिवाळ्यात तर दोघांची डोकी पांढरी आणि दोघांच्याही कानाशी तोच काळा डाग. भारताच्या किनाऱ्यावर हे पाहुणे येतात ते नेमके हिवाळ्यात. तरी ‘डोकं तपकिरी दिसतंय, म्हणजे तपकिरी डोक्याचा’ हा निकाल दर मोसमात ऐकावा लागतो.

पक्षी उडू द्या. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड मनगटापासून (पंखाच्या मधल्या वाकापासून) टोकाकडे पांढरीशुभ्र असते, लांबट पाचरीसारखी. काळा रंग फक्त पिसांच्या टोकांना, मागच्या कडेला बारीक काठासारखा. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचं टोक चांगलं रुंद काळं, आणि त्या काळ्यात ठसठशीत पांढरे ठिपके. पक्षीनिरीक्षक त्यांना मिरर म्हणतात. मिरर दिसले की वाद संपला. मात्र पहिल्या वर्षाच्या पिल्लांना ते नसतात. तिथे काळ्या रंगाची रुंदीच बघायची: पांढरी पाचर टोकाकडे गेली तर काळ्या डोक्याचा, काळ्या पट्ट्याने अडवली तर तपकिरी.

पक्षी बसलेला असेल तर डोळा बघा. तपकिरी डोक्याच्या प्रौढाची बुबुळं फिकट, दुसऱ्याची कायम गडद. ‘आकाराने थोडा मोठा’ ही खूण खरी असली तरी एकटा पक्षी समोर असताना कुचकामी.

तपकिरी डोक्याचा वीण करतो तिबेट, लडाखसारख्या उंच पठारांवरच्या तळ्यांकाठी. दुसरा युरोपपासून पूर्व आशियापर्यंत. नांगरामागून किडे वेचणं, टिटव्यांच्या तोंडचा घास पळवणं हे या दुसऱ्याचे उद्योग. पिल्लू बाहेर आलं की अंड्याचं कवच तो घरट्यातून उचलून दूर टाकतो. कवचाची आतली पांढरी बाजू कावळ्यांना घरट्याचा पत्ता देते, हे प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी प्रयोगांतून दाखवलं होतं. पुढे १९७३ साली नोबेल मिळालेले टिनबर्गन ते हेच.